पाणपोयांची साइट : शिरोरेषा एकदाची जुळली

मंडळी, मुंबईतल्या जुन्या पाणपोयांची माझी साइट अखेर चार पानांची झाली. सॉफ्टवेअर फुकटचं आहे. ठोकळा उचलायचा, पानावर सोडायचा, आत मजकूर भरायचा. ‘कोड लिहावा लागणार नाही’ असं त्याच्या पहिल्याच पडद्यावर लिहिलंय. पंधरा दिवस माझा त्यावर विश्वास होता.

पहिल्या पानावर भात बाजारातली केशवजी नाईकांची पाणपोई, १८७६ सालची, वर घड्याळाचा मनोरा. त्यावर मोठ्या अक्षरांत ‘मुंबईच्या पाणपोया’. आईला दाखवलं. तिने चष्मा पुसून परत लावला. ‘अगं, डोक्यावरची रेघ का तुटलीय?’ मी म्हटलं, स्टाइल आहे. कसली स्टाइल! टेम्प्लेटनेच, म्हणजे सॉफ्टवेअरच्या तयार साच्यानेच, शीर्षकाला दोन पिक्सेलचं लेटर-स्पेसिंग (अक्षरांमधलं अंतर) दिलेलं. रोमन अक्षरं मुळात सुटी, त्यांना ते शोभतं. आपली एकाच रेघेला लटकलेली. जरा सारली की फट पडते. सीएसएसमध्ये, म्हणजे पानाचं रूप ठरवणाऱ्या कोडमध्ये, ते शून्य केलं आणि रेघ जुळली. मग लाइन-हाइटही (ओळीची उंची) १.२ वरून १.७ वर नेली, कारण वरच्या ओळीचे उकार खालच्या वेलांट्यांत घुसत होते.

खरी गंमत पुढे. एका पानाचं नाव ‘शिलालेख’. शब्द बरोबर, पण दिसायला परका. बराच वेळ बघितल्यावर लक्षात आलं, श आणि ल दोन्ही हिंदी वळणाचे! फॉन्ट नोटो सान्स देवनागरी, त्यात मराठी वळणाची अक्षरंही आहेत. पण पान मराठी आहे हे ब्राउझरला सांगायला नको? कोड उघडून पाहिला तर सगळ्यात वरच्या एचटीएमएल टॅगात, म्हणजे पानाच्या कोडची सुरुवात करणाऱ्या खुणेत, भाषा म्हणून ‘ईएन’ (en), म्हणजे इंग्रजी. ते ‘एमआर’ (mr), म्हणजे मराठी, केलं, पान ताजं केलं, आणि पाकळीचा ल, देठाचा श हजर. दोन अक्षरांचा बदल, त्यावर अख्खा रविवार गेला. तुमच्यापैकी कोणी मराठी साइट करत असाल तर हे सगळ्यात आधी तपासा, रंगबिंग नंतर.

साइट गिटहब पेजेस या साइट ठेवायच्या सेवेवर चढवली. तिथे १ जीबीपर्यंत फुकट जागा मिळते. कॅमेऱ्यातले सहा-सहा एमबीचे फोटो १६०० पिक्सेल रुंदीवर आणून प्रत्येकी तीनशे केबीच्या आसपास बसवले.

दुसऱ्या दिवशी मुलुंडहून लोकलमध्ये चढल्यावर कौतुकाने फोनवर साइट उघडली. निम्मे फोटो गायब! घरच्या लॅपटॉपवर तर सगळे दिसत होते. घाटकोपर येईस्तोवर कोडं सुटलं : काही फाइलींच्या नावाशेवटी जेपीजी मोठ्या लिपीत (JPG), पानात मात्र सगळीकडे छोट्या (jpg). लॅपटॉपवरचं विंडोज असला भेद मानत नाही, साइट जिथे ठेवलीय तो सर्व्हर मानतो. आता सगळी नावं छोट्या लिपीत, मध्ये मोकळी जागा नाही, हा घरचा कायदा.

मोबाइलवर मेनू अजून फोटोवर चढून बसतो, तो पुढच्या रविवारी. आणि आईने नवीन काम काढलंय : प्रत्येक फोटोखाली तिथे आज पाणी येतं की नाही ते लिही. म्हणजे सगळ्या पाणपोयांची परत एक फेरी आली.