‘कूलर’ नावाचा प्लग

“ताई, तुम्ही आत्ता आमच्या घरी काही केलंत का?”

२०२३ च्या ऑगस्टमधली सकाळ, पावणेबारा वाजलेले. फोन सिअॅटलला राहणाऱ्या एका ग्राहकाचा होता, म्हणजे तिकडे रात्रीचे सव्वाअकरा. माझ्यासमोर लॅपटॉपवर त्यांच्या आईवडिलांच्या, पुण्यातल्या सहकारनगरच्या फ्लॅटची यादी उघडीच होती. नऊ उपकरणं, नऊ हिरव्या खुणा, प्रत्येकीपुढे ‘अपडेट यशस्वी’. मी म्हणाले, “हो, फर्मवेअर, म्हणजे उपकरणांच्या आतलं सॉफ्टवेअर, अपडेट केलं. व्यवस्थित झालं. का हो?”

“बाबांचं ऑक्सिजनचं मशीन बंद पडलंय.”

मला काही समजेना. त्या घरात मी फोनवरून चालवता येणारे सहा स्विच मॉड्यूल, दोन प्लग आणि दाराबाहेरचा कॅमेरा बसवला होता. ऑक्सिजनचं मशीन माझ्या यादीत कुठेच नव्हतं. दोन प्लगची नावं ‘टीव्ही’ आणि ‘कूलर’. मी स्वतःच दिलेली, २०२१ मध्ये.

त्यांनी आईला त्याच फोनवर घेतलं. काकूंचा आवाज कापत होता आणि मागे मशीनचा अलार्म सलग वाजत होता. “अगं, लाइट आहे. पंखा फिरतोय. आणि ह्यांचं मशीन नुसतं ओरडतंय!” तेव्हा उजेड पडला. मी विचारलं, “काकू, मशीनची वायर कुठे लावलीय? त्या पांढऱ्या जाड प्लगला का?” “हो, तोच.” “तो सोडा. वायर काढा आणि साध्या बोर्डावर लावा. इस्त्री लावता ना, तिथे.” वायर पलंगामागून ओढून काढायला त्यांना वेळ लागला. मी फोनवर नुसती ऐकत होते. सरकवलेली खुर्ची, काकांचा खोकला, मग अलार्म थांबला आणि मशीनची घरघर सुरू झाली.

सगळं मिळून चार मिनिटं. ऑक्सिमीटरवर काकांचा आकडा ९३ वरून ८५ ला आला होता. मशीन चालू झालं तरी हवेतून वेगळा काढलेला ऑक्सिजन पुरेसा शुद्ध व्हायला आणखी काही मिनिटं जातात, म्हणून ९२ दिसेपर्यंत मुलाने फोन ठेवला नाही, मीही ठेवला नाही. मग स्कूटर काढली आणि कर्वेनगरहून सहकारनगर गाठलं.

घरोघरी वायफायवरचे स्विच, प्लग आणि कॅमेरे बसवायचं हे काम मी आठ वर्षं करतेय. अपडेटची आम्हा लोकांना एकच धास्ती असते, मध्येच लाइट जाऊन उपकरण डेड होण्याची. सुरुवातीच्या स्वस्त मॉड्यूलमध्ये जेमतेम १ एमबी मेमरी असायची. नवीन फर्मवेअर जुन्यावरच चढायचं आणि अर्ध्यात वीज गेली तर बोर्ड उघडा, मेन बंद करा, यूएसबीची पट्टी लावून ३.३ व्होल्टवर हाताने फर्मवेअर भरा, असा उद्योग. असे कितीतरी बोर्ड मी रात्री बसून जिवंत केलेत. आताच्या उपकरणांत मेमरीचे दोन कप्पे असतात. चालू फर्मवेअर एका कप्प्यात, नवीन दुसऱ्यात उतरतं. ते पूर्ण उतरलंय, कुठे बिघडलेलं नाही, हे तपासून झालं की मगच उपकरण स्वतःला रीस्टार्ट करून नव्या कप्प्यातून उठतं. नाही जमलं तर जुना कप्पा शाबूत. म्हणूनच मी ऑफिसात बसून, एका क्लिकवर, अख्ख्या घराचं अपडेट करायला लागले होते.

आणि अपडेट टाळायचं नव्हतंच. कंपनीने जुन्या फर्मवेअरमधल्या सुरक्षेच्या फटीबद्दल कळवलं होतं. २०१६ मध्ये मिराई नावाच्या व्हायरसने कंपनीचेच पासवर्ड न बदललेले कॅमेरे आणि राउटर लाखांच्या संख्येने ताब्यात घेतले होते, आणि त्यांच्याच जोरावर २१ ऑक्टोबरला ट्विटर, नेटफ्लिक्ससारख्या साइट काही तास अमेरिकेत बंद पाडल्या होत्या. लोकांच्या घरात मी कॅमेरे बसवते. ते उघडे ठेवून मला झोप लागणार नाही.

पण रीस्टार्ट म्हणजे काय, याचा विचार मी उपकरणाच्या बाजूनेच करत आले होते. प्लगच्या आत एक रिले असतो, टक् असा आवाज करून जोडणारा आणि तोडणारा. चिप रीस्टार्ट झाली की रिले सुटतो. पुन्हा जोडायचा की नाही, हे एका सेटिंगवर ठरतं: पूर्वी होतं तसं, नेहमी चालू, किंवा नेहमी बंद. जुन्या फर्मवेअरमध्ये ते ‘पूर्वी होतं तसं’ असायचं. नव्यात ‘बंद’. कंपनीचं कारणही बरोबर आहे. लाइट जाऊन परत आली आणि कोणी विसरलेली इस्त्री आपोआप तापायला लागली, तर घर पेटेल. बदलांच्या यादीत ती ओळ होती. मी वाचलीही होती. दिवे बंद राहतील तर राहू देत, लोक बटण दाबतील, असं मनाशी म्हणून पुढे गेले होते.

मुलाने ॲपवरून ‘चालू’ दाबून पाहिलं होतं, पण नऊच्या नऊ उपकरणं एकदम रीस्टार्ट होऊन वायफायवर परत यायला धडपडत होती, त्यामुळे प्लग बराच वेळ ‘ऑफलाइन’ दिसत होता.

घरी पोचले तेव्हा काका उशीला टेकून बसले होते, नाकात नळी, हातात पेपर. काकूंनी आधी पाणी दिलं. त्यांना माझा राग आला असता तर मला सोपं गेलं असतं. मशीन त्या प्लगवर कसं आलं, ते त्यांनीच सांगितलं. मे महिन्यात काका दवाखान्यातून घरी आले. जूनमध्ये कूलर माळ्यावर गेला. प्लगमध्ये विजेचा वापर मोजायची सोय होती, म्हणून मुलाने फोनवर सांगून मशीन त्याला लावायला लावलं. रात्री झोपण्यापूर्वी तो ॲप उघडायचा. ३२० वॅट दिसले की बाबांचं मशीन चालू आहे. त्या दिवशीही तो तेच बघत होता, आणि आकडा शून्य झाला.

ॲपमध्ये मी त्या प्लगचा इतिहास उघडला. अडीच महिने, दिवसरात्र, सपाट ३२० वॅटची रेघ. कूलर दीडशे-दोनशेच्या वर जात नाही, आणि पावसाळ्यात दिवसरात्र कूलर कोण चालवतं? ‘सगळे निवडा’ दाबण्याआधी मला तो आकडा दिसत होता. मी नाव वाचलं, आकडा वाचला नाही.

मुलाशी परत बोलले. चूक माझी आहे, विचारायला हवं होतं, हे स्पष्ट सांगितलं. तो म्हणाला, “ताई, मीही तुम्हाला कळवायला हवं होतं.” पण मी ते त्याच्यावर टाकू शकत नाही. आपल्या वडिलांची काळजी करणाऱ्या माणसाने कोणत्या प्लगला काय लावलं, याची नोंद इलेक्ट्रिशियनकडे देण्याची आठवण ठेवावी, अशी अपेक्षा कशी करणार?

दुसऱ्या दिवशी मशीनसाठी पलंगाजवळ साधा १६ अँपिअरचा सॉकेट काढून दिला. मध्ये रिले नाही, वायफाय नाही. मुलाला आकडा तर दिसायलाच हवा होता. त्यासाठी मीटरचं क्लॅम्प बसवलं. वायरीभोवती अडकणारी छोटी कडी, ती आतून जाणारा प्रवाह मोजते. ती एकट्या फेजच्या वायरीवरच अडकवावी लागते. फेज आणि न्यूट्रल दोन्ही तिच्यात गेल्या तर जाणारा आणि येणारा प्रवाह एकमेकांना खाऊन टाकतात, आणि मशीन चालू असूनही शून्य दिसतं. बोर्ड बंद करण्याआधी काकांना छोट्या सिलिंडरवर घेतलं, काकू नळी धरून बसल्या, आणि मी कडी लाल वायरीवर अडकवली.

काका सगळं बघत होते. म्हणाले, “हे अपडेट झालं तर?”

“झालं तरी मशीनला काही होणार नाही, काका. हे बंद करूच शकत नाही. हे फक्त बघतं.”

“मग ठीक आहे,” म्हणाले आणि पेपर वर घेतला.

त्या अपडेटसाठी आणखी अकरा घरं बाकी होती. संध्याकाळी मी वही घेऊन बसले आणि एकेक फोन लावला. “तुमच्याकडच्या प्रत्येक प्लगला आत्ता काय लावलंय, तिथे जाऊन, बघून सांगा.” लोकांना आश्चर्य वाटत होतं, काहींना कंटाळाही आला. बिबवेवाडीच्या एका आजोबांनी काठी टेकत तीन खोल्या फिरून सांगितलं. त्यांच्याकडे ‘टेबल लॅम्प’ नावाच्या प्लगवर एक छोटा फ्रीज होता. आत त्यांचं इन्सुलिन.