उंच बोनेटची जीप, नोंद चौथी: आधी स्टिअरिंग

या खेपेला इंजिनाची काहीच नोंद नाही. गाडी लोखंडी घोड्यांवर (स्टँडवर) चढली आहे, पुढचा अ‍ॅक्सल सुटा होऊन बाकावर आला आहे आणि सगळं काम हातातल्या स्टिअरिंगपासून पुढच्या टायरपर्यंतच्या सांध्यांवर चाललं आहे. फोटोत बघण्यासारखं यात काही नसतं. पण चालवताना कळतं ते इथलंच.

मधूनच वाचायला लागलेल्यांसाठी थोडक्यात. गाडी सीजे-३बी, विलीजने १९५३ मध्ये आणलेलं मॉडेल. बोनेट उंच आहे ते शोभेसाठी नव्हे. आधीच्या गो-डेव्हिल इंजिनात सगळे व्हॉल्व्ह ब्लॉकमध्ये होते. हरिकेन इंजिनात इनटेक व्हॉल्व्ह वर हेडमध्ये गेले, इंजिन उंच झालं आणि ते झाकायला बोनेटही चढवावं लागलं. क्षमता तीच राहिली, १३४ घनइंच म्हणजे २.२ लिटर, पण ताकद ६० अश्वशक्तीवरून ७० च्या वर गेली. महिंद्रा आणि मित्सुबिशी यांनीही परवान्याखाली ही ठेवण बनवली, म्हणून भाग अजून मिळतात. मात्र दिसायला सारखा भाग मापालाही सारखा असेलच, असं धरून चालू नका. व्हर्निअर खिशातच असू द्या.

गाडी बघायला येणारा प्रत्येक जण एकच विचारतो: किती उचलणार, म्हणजे मूळ उंचीपेक्षा किती उंच करणार?

अजिबात नाही. हट्ट म्हणून नाही, गणित करून हे ठरवलं आहे. गाडी माझ्याकडे आली तेव्हा तिला पुढे लांब शॅकल (स्प्रिंगच्या पाट्याचं टोक चॅसीला जोडणारे दुवे) लावलेले होते, मूळ मापापेक्षा साधारण दोन इंच मोठे. शॅकल दोन इंचांनी लांबवला की पाट्याचं एक टोक दोन इंच खाली जातं, दुसरं जागेवरच राहतं. मधे बसलेल्या अ‍ॅक्सलच्या वाट्याला त्यातली निम्मीच, म्हणजे इंचभर उंची येते. त्या इंचाची किंमत कॅस्टरमध्ये मोजावी लागते, म्हणजे चाक ज्या उभ्या किंगपिनभोवती वळतं तिच्या मागे झुकलेल्या कोनात. या जीपमध्ये पुढच्या पाट्याचा शॅकल पुढच्या टोकाला असतो. ते टोक खाली गेलं की अख्खा अ‍ॅक्सल पुढे झुकतो आणि किंगपिनचं वरचं टोक पुढे येतं. पाटा सुमारे ३६ इंचांचा. ३६ इंचांवर दोन इंचांचा उतार म्हणजे तीन अंशांहून थोडा जास्त. कारखान्याने दिलेला कॅस्टर किती, तर ३ अंश. म्हणजे इंचभर उंचीपायी सगळाच्या सगळा कॅस्टर गेला. मग वळणानंतर स्टिअरिंग आपोआप सरळ येत नाही, सपाट रस्त्यावर गाडी डावीउजवीकडे हुंदडते, आणि मालक म्हणतो, 'जुन्या जीपा अशाच असतात.' नसतात.

पाटा आणि अ‍ॅक्सल यांच्या मधे पाचर घालून कॅस्टर परत मिळवता येतो, पण तेवढ्याच अंशांनी डिफचं (डिफरन्शियलचं) तोंड खाली वळतं आणि पुढच्या प्रोपेलर शाफ्टच्या क्रॉसवर (युनिव्हर्सल जॉइंटवर) ताण येतो. एक दुरुस्त करायला दुसरं बिघडवायचं, त्यापेक्षा मूळ मापाचे शॅकल परत बसवले. शिवाय दगडावर अडकतं ते डिफ, आणि पाटे उचलून डिफ तसूभरही वर जात नाही. ते वर न्यायचं तर टायरच मोठे हवेत.

मग मोठे टायर का नाहीत? तेही मांडून पाहू. टी-९० गिअरबॉक्सचा पहिला गिअर २.७९८, डाना १८ ट्रान्स्फर केसचा (गिअरबॉक्सची ताकद पुढच्या-मागच्या अ‍ॅक्सलला वाटणारी पेटी) लो २.४६, डिफ ५.३८. तिन्हींचा गुणाकार जवळपास ३७. मूळ ६.००-१६ टायर साधारण साडेअठ्ठावीस इंच व्यासाचा धरला तर ६०० आरपीएमला जीप ताशी सव्वादोन किलोमीटरने रांगते. माणूस चालतो त्याच्या निम्म्या वेगाने. बाजूने चालत जाऊन चाक कुठे ठेवायचं ते बघायलाही वेळ मिळतो. ३३ इंची टायर घातले की डिफखाली सव्वादोन इंच मिळतात हे खरं, पण ३७ चे प्रत्यक्षात ३२ होतात. नऊ इंची ब्रेक ड्रमला १६ टक्के जास्त त्रिज्येचं चाक थांबवावं लागतं. आणि बाहेर निघालेले रुंद रिम घातले की प्रत्येक दगडाचा झटका किंगपिनमार्गे थेट अंगठ्यापर्यंत येतो. ज्यांना हे सगळं करायचं आहे त्यांनी अ‍ॅक्सल, ब्रेक आणि स्टिअरिंग तिन्ही बदलावेत, मग ती दणकट गाडी होते. मात्र मग तिच्यात सीजे-३बी किती उरते हा प्रश्न आहे, आणि माझ्यापुरतं त्याचं उत्तर ठरलेलं आहे. या गाडीत होणारा प्रत्येक बदल पान्याने उलटा करता आला पाहिजे. चॅसीला वेल्डिंग फक्त तडा बुजवण्यापुरतं.

आता कामाकडे. सुटं करण्याआधी प्ले (सांध्यांतला ढिलेपणा) नेमका कुठे आहे ते शोधून घेतलं, कारण अ‍ॅक्सल एकदा खोलला की ही चाचणी पुन्हा करता येत नाही. चाक उचलून वर-खाली धरायचं आणि हलवायचं. हललं तर दुसऱ्याला ब्रेक दाबून धरायला सांगायचं. ब्रेक दाबल्यावर हालचाल थांबली तर दोष चाकाच्या बेअरिंगचा, तरीही राहिली तर किंगपिनचा. मग चाक डावीउजवीकडून धरून हलवायचं, यात चाकं वळवणाऱ्या टाय रॉडची टोकं बोलतात. माझ्या गाडीत दोन्ही बाजूंचे किंगपिन सैल निघाले, आणि त्याहून जास्त सैल निघाला बेलक्रँक.

ज्यांनी नंतरच्या जीपाच पाहिल्या आहेत त्यांना बेलक्रँक ठाऊक नसेल. स्टिअरिंग बॉक्सकडून येणारा ड्रॅग लिंक थेट चाकाला जात नाही. पुढच्या क्रॉसमेंबरवर एका पिनवर फिरणारा हा तुकडा असतो, ड्रॅग लिंक त्याला ढकलतो आणि त्याच्यापासून दोन्ही चाकांना दोन वेगळे टाय रॉड जातात. म्हणजे सांधे जास्त, आणि प्रत्येकाचा थोडाथोडा प्ले बेरजेने हातापर्यंत येतो. बेलक्रँकची पिन एका बाजूने स्पष्ट खाल्ली गेली होती. सुई बेअरिंगचा नवा संच घातला आहे. दर वेळी ग्रीस भरताना ही जागा विसरली जाते, म्हणून ग्रीस निपलला लाल रंग लावून ठेवला.

स्टिअरिंग बॉक्स रॉसचा. यात स्क्रूसारखी पिळदार खाच असलेला कॅम असतो आणि त्या खाचेत लिव्हरच्या दोन निमुळत्या पिना फिरतात. गाडी आयुष्याचा बहुतेक काळ सरळ चालते, त्यामुळे पिनांची झीज मधल्या जागेवर सर्वांत जास्त. कारखान्याने हे ओळखून खाच मधोमध मुद्दाम उथळ ठेवली आहे, म्हणजे सरळ चालताना पकड घट्ट आणि पूर्ण वळणावर थोडी सैल. म्हणून बाजूच्या झाकणावरचा स्क्रू आवळायचा तो चाकं सरळ असतानाच. चाकं वळवून ठेवून प्ले काढला तर सरळ येताना बॉक्स मधेच आवळतो आणि कॅम खराब होतो. पिना सपाट झाल्या होत्या, त्यामुळे लिव्हर नवा आणि कॅम जुनाच, तपासून परत घातला. पॉवर स्टिअरिंगचा नंतरचा बॉक्स बसवा असा सल्ला बऱ्याच जणांनी दिला. चालवायला तो सुखाचा आहे हे मान्य, पण त्याला चॅसीवर ब्रॅकेट वेल्ड करावं लागतं. वरचा नियम बघा.

चॅसीचा विषय निघालाच आहे तर, स्टिअरिंग बॉक्स जिथे बोल्टने बसतो त्या भोवतालची पट्टी सगळ्यांनी घासून, स्वच्छ करून भिंगाखाली बघावी. वर्षानुवर्षांचा ताण तिथेच येतो. रंगाच्या थराखाली केसाएवढा तडा दिसत नाही. तडा शोधायचा लाल द्रव लावून पुसा आणि वर पांढरी पावडर फवारा. तडा असेल तर लाल रेघ उमटते. माझी पट्टी साफ निघाली.

किंगपिनचं काम सावकाशीचं आहे. डाना २५ या पुढच्या अ‍ॅक्सलमध्ये नकल (चाकाला धरून वळणारा भाग) वर-खाली दोन निमुळत्या रोलर बेअरिंगवर फिरतं, आणि त्यांचा ताण झाकणाखालच्या पातळ शिमांनी (पत्र्याच्या चकत्यांनी) ठरतो. शिम काढली की ताण वाढतो. वरून काढली तेवढीच खालूनही काढायची, नाहीतर आतला जॉइंट मधून सरकतो. ताण बघताना टाय रॉड आणि बाहेरचं फेल्ट सील दोन्ही काढलेले हवेत, कारण सीलचा अडथळा स्प्रिंग काट्यावर भलताच आकडा दाखवतो. चाकं थरथरतात म्हणून स्टिअरिंग डँपर लावणारे पुष्कळ भेटतात. डँपर थरथर दाबतो, सैल किंगपिन तसाच राहतो.

नकलच्या आतले गोळे गंजून खड्डे पडलेले होते. असा खडबडीत गोळा नवं सीलही काही दिवसांत कापून टाकतो. छोटे भाग मी विजेवर साफ केले: प्लॅस्टिकच्या पिंपात पाणी आणि धुण्याचा सोडा, भाग ऋण टोकाला, लोखंडाचा भंगार तुकडा धन टोकाला. धन टोकाला स्टेनलेस स्टील कधीही नको, त्यातून विषारी क्रोमियम पाण्यात उतरतं. काम उघड्यावर करायचं, कारण हायड्रोजन निघतो, आणि त्याच कारणाने पाटे या पिंपात घालायचे नाहीत, हायड्रोजन शोषलेलं कडक स्टील ठिसूळ होतं. गंज निघाल्यावर खड्डे दिसतात ते मात्र भरावेच लागतात. गोळ्यांवर धातूची पावडर असलेला इपॉक्सी चढवून घासून गुळगुळीत केला.

टो-इनला, म्हणजे पुढची चाकं समोरून किंचित आत वळलेली ठेवायला, यंत्र लागत नाही. चाक फिरवत टायरच्या मधोमध खिळ्याने रेघ ओढायची आणि अ‍ॅक्सलच्या उंचीला पुढे आणि मागे अंतर मोजायचं. पुढचं अंतर मागच्यापेक्षा दीड-दोन मिलिमीटरने कमी हवं. बेलक्रँक आणि बॉक्स दोन्ही मधोमध धरून ठेवायचे, मग दोन्ही टाय रॉड वेगवेगळे जुळवायचे. एकाच रॉडने माप जुळवलं तर गाडी सरळ जाते, पण एका बाजूला कमी वळते.

ब्रेकवर फार लिहीत नाही. मूळ मास्टर सिलिंडर फरशीखाली, एकाच सर्किटचा. एक पाइप फुटला की चारही चाकं मोकळी. दोन सर्किटचा सिलिंडर आहे त्याच जागी बोल्टने बसणाऱ्या ब्रॅकेटवर आणला. हा बदल मी कुणालाही डोळे झाकून सुचवेन. जुने शू असबेस्टॉसचे असू शकतात, ड्रममधली धूळ हवेच्या झोताने उडवू नका, ओल्या फडक्याने पुसा.

पुढचं काम डाना १८ चं. गिअरबॉक्सचं तेल हळूहळू ट्रान्स्फर केसमध्ये उतरतं आहे, वरची पातळी कमी आणि खालची जास्त. मागच्या सीलमधून तेच तेल शाफ्टवरच्या हँडब्रेकच्या ड्रममध्ये जातं, त्यामुळे हँडब्रेक नावापुरताच. इंटरमीजिएट शाफ्ट या केसमध्ये वेगवेगळ्या वर्षी तीन जाडींचा आला: पाऊण इंच, सव्वा इंच आणि त्यांच्या मधला एक इंच आणि अष्टमांश. माझा कुठला ते मोजूनच नवा मागवणार. केसचं भोक लांबट झालं असेल तर नुसता शाफ्ट बदलून गळती थांबणार नाही, बुश घालावा लागेल. केस खोललेली असतानाच मागच्या पीटीओच्या (बाहेरच्या यंत्राला ताकद देण्याच्या) तोंडावर वॉर्नचा ओव्हरड्राइव्ह (कमी आरपीएमला जास्त वेग देणारा जादा गिअर) बसतो का तेही बघायचं आहे. आत्ता तिसऱ्या गिअरमध्ये १००० आरपीएमला ताशी २५ किलोमीटर पडतात, त्याने ३३ च्या वर जातील. आणि तो बोल्ट काढले की निघतो.