सांगलीतले जुने बैठे घर घेण्यापूर्वी

आईच्या गुडघ्यांमुळे जिना आता शक्य नाही आणि वडील सांगली सोडायला तयार नाहीत, त्यामुळे फ्लॅट की घर या प्रश्नाचे उत्तर आमच्याकडे फारसा वाद न होता ‘बैठे घर’ असेच निघाले. सध्या गावभागातल्या एका जुन्या घरापाशी आमचा शोध थांबला आहे. जुन्या बैठ्या घरांची जाड भिंत, मागचे परसू आणि उन्हाळ्यातला गारवा यांचे मला मनापासून आकर्षण आहे. परंतु सांगलीत बैठे घर म्हणजे पुराच्या वेळी सामान न्यायला माडी नसलेले घर, आणि म्हणून इथे भिंती, कागदपत्रे व भाव या सर्वांच्या आधी पाण्याची पातळी पाहिली पाहिजे, असे माझे ठाम मत झाले आहे.

सांगलीचा पूर कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी किती फुटांवर आहे, यावरून मोजला जातो. ४० फुटांना इशारा आणि ४५ फुटांना धोका, हे इथल्या शाळकरी मुलांनाही पाठ असते. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी साडेसत्तावन्न फुटांच्या आसपास गेले होते. २००५ आणि २०२१ मधले पूर त्यापेक्षा कमी, पण तेही पन्नाशी ओलांडणारे. कोयना धरणातून सोडलेले पाणी आणि पाणलोटातला पाऊस एकत्र आला आणि त्याच वेळी हरिपूरच्या संगमावर वारणाही तुडुंब असली, की कृष्णेचे पाणी उतरायला दिवसचे दिवस लागतात. सूर्यवंशी प्लॉट, इनामदार प्लॉट यांसारख्या सखल वस्त्यांमध्ये ते आधी शिरते, गावभागात नंतर, आणि विश्रामबागेच्या बाजूची बरीच वस्ती कोरडी राहते. त्यामुळे “पुराचं काय, सगळ्याच सांगलीत येतो” हे एजंटचे वाक्य ऐकून घ्यावे आणि सोडून द्यावे.

खरी माहिती शेजारच्या काकूंनी दिली. “पुलावर पन्नास झालं की आमच्या पायरीला लागतं बघा,” असे त्या सहज म्हणाल्या, आणि त्या एका वाक्यावरून सगळा हिशेब मांडता आला. पन्नासला रस्त्यावर पाणी, म्हणजे साडेसत्तावन्नला रस्त्यावर साधारण साडेसात फूट. आम्ही पाहत असलेल्या घराचे जोते रस्त्यापासून तीन फूट उंच, म्हणजे घरात साडेचार फूट पाणी असायला हवे. विक्रेत्यांच्या म्हणण्याप्रमाणे मात्र पाणी ‘गुडघ्याएवढे’ होते. बाहेरच्या खोलीला नवा रंग होता, स्वयंपाकघराला चार फुटांपर्यंत टाइल्स होत्या आणि खूण कुठेच दिसत नव्हती. मधल्या खोलीतल्या भिंतीत एक फडताळ होते, ज्याचे दार रंगाने चिकटून बसलेले होते. ते जोर लावून उघडले तेव्हा आतला जुना निळसर चुना तसाच होता आणि वरून दुसऱ्या फळीच्या थोडी खाली गाळाची तपकिरी रेघ सरळ गेलेली होती. टेप लावला. जमिनीपासून साडेचार फुटांना दोन इंच कमी.

ही रेघ भाव पाडण्यासाठी उपयोगी आहेच, पण तिचा खरा उपयोग भिंत समजून घेण्यासाठी आहे. या घराच्या मूळ भिंती विटांच्या असल्या तरी बांधकाम मातीतले आहे आणि त्यावर चुन्याचा गिलावा आहे. असे बांधकाम कोरडे राहिले तर पिढ्यान्‌पिढ्या टिकते. परंतु अनेक दिवस पाण्यात राहिले की विटांमधली माती खालच्या थरांतून धुऊन जाते आणि वरचा भार पोकळ झालेल्या सांध्यांवर येतो. पूर ओसरल्यावर, भिंती वाळत असताना घरे पडतात, त्याचे कारण हेच. म्हणून टाइल्सच्या पट्ट्यावर नाण्याने टकटक करून पाहावे आणि पोकळ आवाज आला तर एक टाइल काढून आत पाहण्याची परवानगी मागावी. आम्ही ती मागितली तेव्हा विक्रेत्यांनी जरा कुरकुर केली. आत विटांना लोणा, म्हणजे क्षारांचा पांढरा थर, लागलेला होता आणि सांध्यातली माती बोटाने सुटत होती. एकाच भिंतीवर निर्णय घेऊ नये, म्हणून स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलावले. त्यांच्या मते मागची भिंत तळापासून तीन फूट टप्प्याटप्प्याने उतरवून सिमेंटमध्ये बांधावी लागेल, बाकीच्या चालतील.

समोरची खोली नंतर वाढवलेली, स्लॅबची आहे. जिथे हा नवा भाग जुन्या भिंतीला टेकतो तिथे उभा तडा आहे, आणि तो असणारच. दोन वेगळ्या पायांवरची बांधकामे काळ्या मातीत सारखी बसत नाहीत. त्या तड्याची मला फारशी चिंता वाटली नाही. चिंता करावी ती खिडकीच्या कोपऱ्यातून तिरक्या निघालेल्या आणि एका टोकाला रुंद होत गेलेल्या तड्याची, कारण तो पाया एका बाजूने खचत असल्याचे सांगतो. असा तडा जिवंत आहे की जुना, हे कळण्यासाठी त्यावर काचेची पट्टी सिमेंटने बसवून काही महिने थांबावे. भिंत हलत असेल तर काच तडकते. काळी माती उन्हाळ्यात आकसते आणि पावसाळ्यात फुगते, म्हणून तडे मे महिन्यात आणि ओल ऑगस्टमध्ये पाहावी, हे उत्तम. अर्थात तेवढा धीर विक्रेत्याला असतोच असे नाही.

सागवानी तुळयांची टोके भिंतीत जिथे जातात तिथेच वाळवी लागते, म्हणून मधला भाग पाहून खूश होऊ नये. वायरिंग, जुने लोखंडी पाइप आणि शौचालय हे सगळे नवे करावे लागणार असे धरूनच चालावे.

परिसराकडे आम्ही आधी सोय म्हणूनच पाहत होतो. गणपती मंदिर आणि मंडई पायी जाण्याच्या अंतरावर, दवाखाना जवळ, ओळखीची माणसे आसपास. आई-वडिलांसाठी याहून चांगली जागा नाही. पण गल्ली इतकी अरुंद आहे की रुग्णवाहिका कोपऱ्यावरच थांबेल. त्याहून मोठी अडचण डाव्या बाजूच्या बंद घराची आहे. वारस बाहेरगावी, कौले फुटलेली, आणि पावसाचे पाणी थेट सामायिक भिंतीत मुरते. आपण आपल्या बाजूने कितीही गिलावा केला तरी ओल पलीकडून येतच राहणार, आणि पलीकडची दुरुस्ती आपल्या हातात नाही. उद्या ते घर पाडून कोणी अपार्टमेंट उभारले, तर सामायिक भिंत, उजेड आणि बोळातली वहिवाट या तिन्हींचा प्रश्न उभा राहील. जुन्या वस्तीत शेजारी कोण राहतो याच्याइतकेच कोण राहत नाही हेही विचारावे.

कागदपत्रांचे काम वकिलांवर सोपवले असले तरी प्रॉपर्टी कार्ड आम्ही स्वतः वाचले. त्यावर मूळ मालकांच्या मुलांची नावे लागली आहेत, मुलींची नाहीत. त्यामुळे बहिणींची हक्कसोडपत्रे नोंदणी झालेली दाखवावीत किंवा त्यांनी खरेदीखतावर सह्या कराव्यात, याला पर्याय नाही. घरपट्टीचा उतारा विक्रेते फार अभिमानाने पुढे करतात; तो कर भरल्याचा पुरावा आहे, मालकीचा नव्हे. घर निळ्या पूररेषेच्या आत आहे की निळ्या आणि लाल रेषांच्या मध्ये, हेही पाहिले पाहिजे. निळी रेषा २५ वर्षांतून आणि लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराच्या हिशेबाने आखलेली असते, आणि नदीकाठ ते निळी रेषा हा पट्टा निषिद्ध धरला जातो. आज आपण घर दुरुस्त करून राहू, पण दहा वर्षांनी पाडून नवे बांधायचे ठरले तर परवानगीचा सगळा प्रश्न या रेषांवर येऊन थांबेल. जुन्या घराच्या किमतीत मोठा वाटा जागेचाच असतो, आणि जागेवर काय बांधता येईल हे ठाऊक नसताना जागेची किंमत ठरवता येत नाही.

विक्रेत्यांनी मागितलेल्या भावातून आम्ही मागची भिंत, वायरिंग आणि शौचालय यांचा खर्च वजा करून आकडा सांगितला आहे आणि मधल्या खोलीत पाच फुटांवर पक्का सिमेंटचा माळा घालण्याचा खर्च स्वतःकडे ठेवला आहे. विक्रेत्यांना आकडा आवडलेला नाही, पण त्यांनी बोलणे तोडलेलेही नाही. नगर भूमापनाकडे मोजणीचा अर्ज त्यांनी करायचा, वर्तमानपत्रातली जाहीर नोटीस आमच्या वकिलांनी द्यायची, आणि बहिणींची संमती लेखी आल्याशिवाय विसार द्यायचा नाही, असे ठरले आहे. वडिलांना मात्र अजूनही त्या बंद घराच्या वारसांना गाठून दोन्ही घरांचे एकदमच बोलावे असे वाटते.