फळीवर वंदना आणि मार्कचा शेवट

गेल्या चवथीची गोष्ट. आमच्या गोव्यातल्या डिचोलीच्या घरी गणपतीवर टांगलेल्या फळापानांच्या माटोळीखाली आरत्या चालल्या होत्या, पोरं घुमट (मातीचं तालवाद्य) बडवतायत, शामेळ वाजवणारा तर सुटलाच होता, आणि दरवर्षीसारखं सगळे ठणकावून म्हणतायत ‘लंबोदर पीतांबर फळीवर वंदना’. शेजारचे सर नेवऱ्या खायला आले होते. सर म्हणजे रिटायर झालेले शिक्षक, कॅथलिक, तरुणपणी चार वर्षं राशोलच्या सेमिनारीत काढून पाद्री न होताच घरी परतलेले. आरती संपल्यावर हळूच मला विचारतात, ‘काय रे, गणपती फळीवर बसवला म्हणून फळीवर वंदना?’

मी म्हटलं नाही हो सर, ते ‘फणिवरबंधना’, फणिवर म्हणजे नाग, तो ज्याने कमरेला बांधलाय तो. शब्द कळेना, मग लोकांनी आपल्याला कळेल असा करून टाकला. सर एकदम खूश. ‘अरे, हें आमच्यांतूय आसा!’ आणि मग नेवरी हातात तशीच धरून त्यांनी मला बेंगेल सांगितला. हा अठराव्या शतकातला जर्मन पंडित, त्याचा नियम असा की दोन हस्तलिखितांत दोन वेगळे पाठ सापडले तर जो कठीण तो बहुतेक जुना, कारण नकलणारा माणूस अवघडाचं सोपं करतो, सोप्याचं अवघड कशाला करेल. फणिवर आणि फळीवर, झालं की!

मी शाळेत मराठी शिकवतो, पाठभेद वगैरे शब्द मला नवीन नाहीत, पण बायबलवर हे असलं काम झालंय, आणि तेही चर्चमधल्याच लोकांनी केलंय, हे मला खरंच माहीत नव्हतं. मला वाटायचं त्यांचं पुस्तक म्हणजे एकदा छापलं की विषय संपला. दुसऱ्या दिवशी सरांनी त्यांचं मराठी बायबल आणून दिलं आणि म्हणाले आधी मार्कचा, म्हणजे येशूची कथा सांगणाऱ्या चार शुभवर्तमानांपैकी एकाचा, सोळावा अध्याय वाच, आठव्या ओळीवर थांब. तिथे काय होतं, बायका येशूच्या कबरीपाशी जातात, कबर रिकामी, त्या पळत सुटतात आणि कोणाला काही सांगत नाहीत कारण त्या घाबरलेल्या असतात. बस. चौथ्या शतकातल्या दोन मोठ्या हस्तलिखितांत, सिनाय आणि व्हॅटिकनच्या, मार्कचं शुभवर्तमान इथेच संपतं. पुढच्या बारा ओळी, ज्यात येशू शिष्यांना भेटतो वगैरे, त्या नंतर कोणीतरी जोडल्या असं बहुतेक अभ्यासक मानतात. जोडणाऱ्याचा मला राग येत नाही. असा अर्धवट शेवट कोणाला झोपू देईल?

कधीकधी तर वाचणाऱ्याने समासात लिहिलेली टीप पुढच्या नकलणाऱ्याला मूळ मजकूरच वाटते आणि ती आत शिरते. बायबलातल्या योहानाच्या पहिल्या पत्रात पित्याबद्दल, शब्दाबद्दल (म्हणजे येशूबद्दल) आणि पवित्र आत्म्याबद्दल एक वाक्य आहे, ते असंच लॅटिन प्रतींच्या समासातून आत आलं असावं म्हणतात.

मग नोहाचा पूर. उत्पत्ती या बायबलच्या पहिल्या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात देव प्रत्येक प्राण्याची एकेक जोडी घे म्हणतो, सातव्यात शुद्ध प्राण्यांच्या सात सात घे, एकीकडे पाऊस चाळीस दिवस आणि दुसरीकडे पाणी दीडशे दिवस. दोन गोष्टी एकात विणल्यात. हे असले सांधे झान आस्त्रुक नावाच्या एका फ्रेंच डॉक्टरने 1753 साली देवाच्या दोन नावांवरून पकडले, पुढे वेल्हाउझनने एकोणिसाव्या शतकात बायबलच्या पहिल्या पुस्तकांमागे चार मूळ स्रोत आहेत ही थिअरी पक्की केली. आता ती कोणी तेवढी पक्की मानत नाही. मला हा प्रकार जरा बोअरच झाला, कापडाचा धागा न् धागा सुटा केल्यावर अंगावर काय घालायचं?

त्यापेक्षा मला आवडलं ते हे, की लिहिणाऱ्याने हातातल्या मजकुराचं काय केलं ते बघायचं. मत्तय आणि लूक ही मार्कसारखीच दोन शुभवर्तमानं. मत्तयात येशू डोंगरावर बसून बोलतो, लूकमध्ये खाली सपाटीवर उभा राहून. मत्तय म्हणतो आत्म्याने दीन ते धन्य, लूक सरळ म्हणतो तुम्ही गरीब ते धन्य, आणि वर पुन्हा श्रीमंतांना हाय हाय पण करतो. 2012 साली गोव्यातल्या लोखंडाच्या खाणी बंद झाल्या तेव्हा आमच्या भागात घराघरापुढे खनिज वाहणारे ट्रक उभे राहिले होते, टायर बसलेले, हप्ते डोक्यावर. त्या दिवसांत लूक वाचला असता तर तो ‘आत्म्याने’ हा एक शब्द नसणं किती मोठं आहे ते लगेच कळलं असतं. लॅटिन अमेरिकेतले पाद्री गरिबाच्या जागी बसून बायबल वाचायला लागले ते याच ओळींवर, सर म्हणतात.

मी विचारलं, चर्चला हे चालतं? तर म्हणे 1943 साली पोपनेच दार उघडलं, आणि 1993 साली व्हॅटिकनच्या बायबल आयोगाने सगळ्या पद्धतींचा हिशेब मांडला, त्यात सगळ्यात कडक शब्द कोणाला, तर अक्षर न् अक्षर जसंच्या तसं धरून बसणाऱ्यांना. त्याला त्यांनी बुद्धीची आत्महत्या म्हटलंय.

आणि आपण? एकनाथांनी 1584 साली पैठणला ज्ञानेश्वरीच्या प्रती जमवून पाठ शुद्ध केला आणि वर दम भरला की यात कोणी स्वतःची ओवी घुसवली तर त्याने अमृताच्या ताटात नरोटी ठेवली समजा. नरोटी म्हणजे नारळाची करवंटी, गोव्यात तरी कोणाला समजावून सांगायला नको. सर म्हणाले बायबलच्या शेवटच्या पानावर पण अशीच धमकी आहे, भर घालणाऱ्यावर पीडा येतील म्हणून. आणि गंमत बघा, नाथ हे करत होते तेव्हा फादर स्टीफन्स या इंग्रज पाद्रीला गोव्यात येऊन पाच वर्षं झाली होती. पुढे 1616 साली राशोलला त्याचं क्रिस्तपुराण छापलं, बायबलची कथा मराठी ओवीत, पुराण सांगावं तशी. सरांच्या मते तोही अर्थ लावायचाच एक प्रकार.

यंदा मी ठरवलं की घरची आरती सुधारायची. आजोबांची वही काढली, तर त्यांच्या वळणदार बाळबोध अक्षरात स्पष्ट ‘फळीवर वंदना’. आई म्हणाली आमच्या घरात असंच म्हणतात. खोडायचा धीर झाला नाही, समासात पेन्सिलीने ‘फणिवरबंधना’ लिहून ठेवलंय.