खांदे रुंद होतील!

स्मरणिकेसाठी काहीतरी लिहा असा मेसेज बॅचच्या ग्रुपवर आला आणि तासाभरात मराठीच्या बाई, स्नेहसंमेलन, मधल्या सुट्टीतले डबे असे सगळे विषय लोकांनी बुक करून टाकले, मग माझ्या वाट्याला पोहणं उरलं. तसं बरंच झालं, कारण शाळेनं मला जे काय दिलं त्यात पोहणं फार वर आहे, गणिताच्या तर कितीतरी वर.

आमच्या वेळी पीटीचे सर पाचवी-सहावीच्या मुलींना टिळक टँकवर घेऊन जायचे. पाठीला डबा बांधायचा, तो फ्रॉकसारखी झालर असलेला कॉश्च्युम, केस ओढणारी रबरी टोपी आणि कठड्यावर उभे असलेले सर, ज्यांना स्वतःला पोहता येतं की नाही हे आम्हाला शेवटपर्यंत कळलं नाही कारण आम्ही त्यांना पाण्यात कधी बघितलंच नाही. पण शिट्टी मात्र जोरात. आठवीपर्यंत आम्ही सातआठ जणी चांगल्या तयार झालो, आंतरशालेय स्पर्धांत रिले वगैरे जिंकायला लागलो, आणि मग सुरू झालं ते जे सगळ्या घरांत होतं. एकीची आजी म्हणाली काळी पडतेय पोरगी. दुसरीच्या आईला केसांची काळजी. माझ्या आईचं म्हणणं होतं की खांदे रुंद होतील आणि मग ब्लाउज नीट बसायचे नाहीत (हे तिनं अगदी गंभीरपणे म्हटलेलं आहे, आज विचारलं तर कानावर हात ठेवते). आणि नववीच्या मे महिन्यात दहावीचे क्लास लागले की विषयच संपला. कुणी बंदी घातली असं नाही हो, सरांनीही अडवलं नाही, दहावी आहे म्हटल्यावर कोण काय बोलणार. सगळ्याजणी एकाच वर्षी पाण्याबाहेर आलो आणि कुणाला त्यात काही वावगंही वाटलं नाही.

पुढे इंजिनियरिंग झालं, एक वर्ष नोकरी झाली आणि 1993 मध्ये मी एमएस करायला स्टॅनफर्डला गेले. तिथे मी खांदे बघितले! सायकलवरून माझ्या पुढून जाणाऱ्या मुली, ओले केस, पाठीवर ही मोठी बॅग आणि खांदे असे की आईनं बघितलं असतं तर तिला चक्कर आली असती. चौकशी केली तर कळलं ही इथली विमेन्स स्विमिंग टीम, मागची दोन वर्षं अमेरिकेतल्या सगळ्या कॉलेजांत पहिली, आणि त्यातली एक मुलगी, जेनी थॉम्पसन, बार्सिलोना ऑलिम्पिकची दोन गोल्ड मेडल घेऊन आलेली, आणि ती आपल्यासारखीच लेक्चरला बसते. मी तर उडालेच.

मग मी मीट बघायला जायला लागले. दोन कॉलेजांची समोरासमोर मीट असते, ड्युअल मीट म्हणतात. पूल मीटरचा नाही, पंचवीस यार्डांचा, त्यामुळे सारखं वळायला लागतं, भिंतीला पाय लावून सुटण्यातच अर्धी शर्यत असते. मला सगळ्यात आवडायचं ते हजार यार्डांच्या शर्यतीतलं एक काम. एवढ्या लॅप मारताना पोहणारीला मोजदाद राहत नाही, म्हणून तिची टीममधलीच एक मैत्रीण पलीकडच्या टोकाला गुडघ्यावर बसते, हातात आकड्यांच्या पाट्यांचं काउंटर, आणि ती वळायला आली की ते पाण्यात बुडवून तिच्या तोंडासमोर धरायचं. नुसतं धरायचं नाही, मागे पडत असेल तर पाटी गदागदा हलवायची, पाण्याखालूनच ओरडल्यासारखं. ती पाटी धरणारी मुलगी खांद्यापर्यंत भिजायची आणि तिचा तर स्कोअरला काही उपयोगही नाही. पोहणं म्हणजे एकटीचा खेळ असं मी धरून चालले होते, इथे मात्र अख्खी टीम कठड्यावर घसा फोडत असायची, कारण पॉइंट्स टीमचे. मार्चमधल्या राष्ट्रीय स्पर्धेत पहिली आलीस तर वीस पॉइंट्स, रिले जिंकली तर चाळीस, आणि सोळावी आलीस तरी एक पॉइंट, म्हणजे सोळाव्या नंबरसाठीही जीव काढायचा.

या सगळ्यांचे कोच होते रिचर्ड क्विक. मी त्यांच्याशी कधी बोलले नाही, तशी वेळ आलीच नाही, पण त्या माणसाबद्दल तेव्हापासून जे मिळेल ते वाचत आले आणि खरं सांगायचं तर या लेखाचं निमित्त काढून त्यांच्याबद्दलच लिहायचं होतं.

जन्म 1943 चा, पोहले आणि शिकले डॅलसच्या सदर्न मेथडिस्ट युनिव्हर्सिटीत, कोचिंगची सुरुवात टेक्सासमधल्या एका हायस्कूलमधून, म्हणजे आपल्या पीटीच्या सरांसारखेच, शाळेतून. मग ऑबर्न युनिव्हर्सिटी, तिथे पुढे ऑलिम्पिक गोल्ड मिळवणारा राउडी गेन्ससारखा पोहणारा हाताखाली. 1982 मध्ये टेक्सास युनिव्हर्सिटीच्या मुलींची टीम त्यांच्याकडे आली आणि 1984 ते 1988 सलग पाच वर्षं राष्ट्रीय विजेतेपद. माणूस इथे आरामात बसला असता. हे 1988 मध्ये उठून स्टॅनफर्डला गेले आणि पुढच्याच वर्षी तिथे जिंकले! त्यानंतरची दोन वर्षं मात्र त्यांच्याच जुन्या टेक्सासनं त्यांना हरवलं. मग 1992 ते 1996 परत सलग पाच, आणि 1998 चं एक. एकूण बारा विजेतेपदं, मुलींच्या स्विमिंग टीमच्या दुसऱ्या कुठल्या कोचच्या नावावर एवढी नाहीत.

आता यातली मला खटकलेली, म्हणजे आधी खटकलेली आणि मग उलगडलेली गोष्ट अशी की कॉलेजच्या मुलींना पोहायला शिकवणं ही कुणाची चाळीस वर्षांची करिअर असूच कशी शकते? आपल्याकडे कॉलेजमध्ये पोहणारी मुलगी शोधायलाच दुर्बीण लागते. तर त्यामागे 1972 चा एक कायदा आहे, टायटल नाइन. सरकारी पैसा घेणाऱ्या शाळा-कॉलेजला मुलगी आहे म्हणून कुणाला डावलता येणार नाही, एवढंच. मूळ कायद्यात खेळाचं नावसुद्धा नाही. पण त्यातून कॉलेजांना मुलींच्या टीम उभ्या कराव्या लागल्या, स्कॉलरशिप द्याव्या लागल्या, स्विमिंगला तर प्रत्येक टीममागे चौदा मुलींची पूर्ण फी माफ करायची मुभा होती. तरीही कॉलेजांच्या मुख्य संघटनेनं मुलींची राष्ट्रीय स्विमिंग स्पर्धा भरवायला 1982 उजाडलं, म्हणजे क्विक टेक्सासला गेले तेच वर्ष. गाडी नुकती सुटत होती आणि हे चढले. नशीब म्हणा, नजर म्हणा. पण आम्ही जिथे टॉवेल गुंडाळून घरी गेलो तिथून त्या मुलींचं पोहणं सुरू होत होतं, अठराव्या वर्षी, आणि त्यासाठी पूर्णवेळ पगारी माणूस होता.

त्यांचं सगळंच सुरळीत होतं असं नाही. जॅनेट एव्हन्स, 1988 च्या सोल ऑलिम्पिकची तीन गोल्ड मेडल मिळवलेली, स्टॅनफर्डला त्यांच्याकडे आली होती. मग 1991 मध्ये संघटनेनं नियम काढला की आठवड्याला वीस तासांपेक्षा जास्त प्रॅक्टिस घ्यायची नाही, विद्यार्थी आहेत, अभ्यास करू द्या. जॅनेट लांब पल्ल्याची पोहणारी, तिला वीस तास म्हणजे चेष्टा वाटली, तिनं टीमच सोडली आणि गेली कुठे तर टेक्सासला ट्रेनिंगला! आमच्या वेळी पालक म्हणायचे पोहणं सोड, अभ्यास कर, आणि इथे ही म्हणते अभ्यासाचा नियम नको, मला पोहू द्या. मला दोन्ही बाजू पटतात, काय करणार.

सिडनी 2000 ला अमेरिकेच्या मुलींच्या टीमचे हेड कोच क्विकच होते. तेव्हा इथलं एनबीसी चॅनल सगळं तासन्‌तास उशिरा दाखवायचं, निकाल आधीच कानावर पडायचा, तरी मी दोनशे मीटर बटरफ्लायची फायनल श्वास रोखून बघितली. ऑस्ट्रेलियाची सुझी ओनील, घरचं पाणी, वर्ल्ड रेकॉर्ड तिचंच, तिला लोक मॅडम बटरफ्लायच म्हणायचे. आणि बाजूला स्टॅनफर्डची मिस्टी हायमन. हायमनची ताकद पाण्याखालच्या किकमध्ये, आणि दोन वर्षांपूर्वीच नियम आला होता की बटरफ्लायमध्ये पाण्याखाली पंधरा मीटरच्या पुढे जायचं नाही, म्हणजे तिचं हत्यारच बोथट केलेलं. तरी जिंकली, 2:05.88. बोर्डाकडे बघताना तिचा चेहरा आठवतो, तिला स्वतःलाच पटत नव्हतं. त्याच ऑलिम्पिकमध्ये आपली निशा मिलेट पोहली होती, तेही मी तेवढ्याच आवडीनं शोधून वाचलं.

आणि जेनीचं. जेनीनं आयुष्यात आठ ऑलिम्पिक गोल्ड मिळवली, आठही रिलेमध्ये, एकटीच्या शर्यतीत एकही नाही. सिडनीच्या आधी डारा टोरेस, तेहतिशीची, निवृत्तीतून परत येऊन क्विककडेच ट्रेनिंग करायला लागली आणि दोघींचं एवढं वाजलं की शेवटी त्यांची प्रॅक्टिस वेगवेगळ्या वेळी घ्यायला लागली. एका कोचच्या दोन मुली, एकच शर्यत, कुणाच्या बाजूनं उभं राहणार? शंभर मीटर फ्रीस्टाइलच्या फायनलला दोघींची वेळ लागली 54.43, सेकंदाच्या शंभराव्या भागापर्यंत सारखी, ब्राँझ दोघींनाही. मला वाटतं त्या दिवशी क्विकना निदान झोप लागली असेल. जेनी पुढे डॉक्टर झाली, भूलतज्ज्ञ.

क्विक 2005 मध्ये स्टॅनफर्डमधून निवृत्त झाले, दोन वर्षांनी राहवलं नाही म्हणून ऑबर्नला परत गेले. डिसेंबर 2008 मध्ये मेंदूत ट्यूमर निघाला, ऑपरेशन होण्यासारखा नव्हता. मार्चमध्ये ऑबर्नची मुलांची टीम राष्ट्रीय स्पर्धा जिंकली आणि जूनमध्ये ते गेले, वय 66. स्टॅनफर्डला त्यांच्या जागी आली होती ली मॉरर, त्यांच्याच हाताखाली पोहलेली, बार्सिलोनाची मेडलिस्ट. मुलींच्या टीमला बाई कोच, ही गोष्ट तिथेही अजून सर्रास दिसत नाही, म्हणून मुद्दाम लिहितेय.

आता समितीला एक विचारायचंय, स्मरणिकेतच लिहिते म्हणजे विसरलं जाणार नाही. आपल्या शाळेला आता अकरावी-बारावी जोडलेली आहे. त्या मुलींसाठी टँकची वर्षभराची फी आणि एका ट्रेंड बाई कोचचं मानधन आमची बॅच भरायला तयार आहे, ग्रुपवर बोलणं झालंय, त्या जुन्या रिलेतल्या तिघी तर सगळ्यात आधी हो म्हणाल्या. फक्त बारावीच्या मुलींचे जादा तास सकाळी साडेसहाला लावू नका, टँकवरची बायकांची बॅच नेमकी तेव्हाच असते.