पाच फुटी रॅम्पवर म्हैस चढवू नका: धुळ्याकडून यावलला जनावरं आणताना

बाजारात रॅम्प मिळेल या भरवशावर जनावर आणायला जाऊ नका. घरचा न्या, आठ फुटांचा न्या. अंग अजून ठणकतंय आणि म्हशीच्या पायावरचा फडका आज सकाळीच बदललाय, त्यामुळे जरा तिखट लिहिलं जाईल. पण खाली दिलेलं बाजारातलं प्रत्येक माप टेप लावून घेतलेलं आहे.

धुळे जिल्ह्यातल्या एका बाजारातून आम्ही दुसऱ्या वेताची मुऱ्हा म्हैस, तिचं पारडू आणि एक निमाडी गोऱ्हा घेतला. जनावरं चांगली मिळाली, सौदा सरळ झाला, त्यावर लिहिण्यासारखं काही नाही. जे झालं ते सौदा झाल्यावर झालं.

आदल्या दिवशी फोनवर मुद्दाम विचारलं होतं. उत्तर आलं, "धक्का आहे, रॅम्प आहे, माणसं आहेत, तुम्ही फक्त गाडी घेऊन या." धक्का, म्हणजे जनावरं गाडीत चढवायचा पक्का ओटा, होता. पण तो ट्रकच्या हौद्याच्या मापाने बांधलेला, सुमारे चार फूट उंच. आमच्या पिकअपच्या हौद्याची जमिनीपासूनची उंची बत्तीस इंच. म्हणजे धक्क्यावरून हौद्यात जायला जनावराने सव्वा फुटाच्या वर खाली उडी मारायची, तीही पत्र्यावर. नुकती व्यायलेली, कासेला जड म्हैस अशी उडी मारणार नाही आणि मारायला लावूही नये. पिकअपवाल्यांनी धक्क्याचा विचार सोडून द्यावा. तो आयशर आणि ट्रकवाल्यांच्या कामाचा आहे.

मग राहिला रॅम्प. दोन छोट्या चाकांवर ढकलत आणलेला, चेकर प्लेटचा (नक्षी उठवलेल्या लोखंडी पत्र्याचा), टेप लावला तर बरोबर पाच फूट. पाच फुटांत बत्तीस इंच चढायचं म्हणजे चढ तीस अंशांच्या वर जातो. माणूससुद्धा त्यावर हात टेकूनच चढेल. प्लेटवर आडव्या पट्ट्या होत्या, पण दीड-दीड फुटावर. बाजू उघड्या. डिसेंबरची सकाळ, प्लेटवर दव, आणि आधीच्या जनावरांचं शेण त्यावर पसरलेलं. मी धुवायला सांगितलं, तर रॅम्पवाला म्हणाला, "काही व्हत नही भो, चढी जाई."

नाही चढली. पुढचे दोन पाय वर ठेवले आणि थांबली. समोरून दोघांनी कासरा ताणला, त्यामुळे तिचं तोंड आभाळाकडे. मागून एकाने शेपटी पिरगळली. तिने जोर लावला आणि मागचा डावा खूर प्लेटवरून सरकला. खुराचं टोक पट्टीपर्यंत पोचायच्या आधीच पाय घसरत खाली गेला, ढुंगण बसलं, आणि सगळं वजन मागे आलं तसा चाकांवरचा रॅम्प पिकअपपासून सुटून मागे सरकला. पुढचा एक पाय हौद्याच्या काठावर, दुसरा रॅम्प आणि हौदा यांच्या मधल्या फटीत. फट चार बोटांची होती, ती वीतभर झाली. पाय बाहेर काढला तेव्हा खुराच्या वर बोटभर जागेवरची कातडी सोलून लोंबत होती. हाड वाचलं. पाय तिरका अडकला असता तर ती म्हैस तिथेच संपली होती.

माझा भाचा पशुवैद्यकाच्या डिप्लोमाला आहे. तो ओरडला, "मामा, कासरा ढिला सोडा, तिला खाली बघू द्या." हे सगळ्यांनी समजून घ्या. गाई-म्हशींना दोन्ही बाजूंना लांबपर्यंत दिसतं, पण समोरच्या जमिनीची खोली नीट कळत नाही. तोंड खाली नेऊन, हुंगून, मगच त्या पाय टाकतात. कासरा वर ताणला की तेच बंद होतं. जनावर अडतं ते हट्टाने नाही, पुढे काय आहे ते दिसत नाही म्हणून. दोन मिनिटं ढिलं सोडा, हुंगू द्या. शेपटी पिरगळणाऱ्याला आणि पराणी टोचणाऱ्याला जवळ उभं करू नका.

आता पैशांचं. आधी बोलणी शंभर रुपयांची होती, आम्ही ती गाडीची समजलो. गाडी लागल्यावर शंभराचे जनावरामागे पाचशे झाले, हमालांचे तीनशे वेगळे, पारड्याचेही वेगळे मागितले. म्हैस चढलीच नाही तरी "रॅम्प लावला ना" म्हणून पाचशे आणि तीनशे घेतलेच, आणि पावती नाही. जखमी जनावर हातात धरून कोणी भांडत बसत नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक असतं. तुम्ही बोलणी ड्रायव्हरसमोर करा, "गाडीमागे किती" असंच विचारा, आणि सगळी जनावरं आत जाऊन गाडीचा मागचा फाळका लागल्याशिवाय एक रुपया देऊ नका. त्याहीआधी रॅम्पला टेप लावा. सात फुटांच्या आत भरला तर नको म्हणून सांगा.

सुटका केली ती एका म्हाताऱ्या हेडीने, म्हणजे जनावरांच्या व्यापाऱ्याने. तो म्हणाला, पाटचारीच्या भरावाला गाडी लावा. बाजारापासून पाऊण किलोमीटर. लंगडत का होईना, म्हैस चालली. भरावाला एका जागी सावकाश उतार होता. पिकअप उलटी घेऊन हौद्याची कड भरावाला भिडवली, चाकांना मागेपुढे दगड लावले, राहिलेल्या फटीत मातीने भरलेली गोणी दाबली, वर बारदान आणि सुका चारा पसरला. ताडपत्री पूर्ण काढली, म्हणजे आत अंधार राहिला नाही. आधी पारडू आत नेऊन पुढे बांधलं. म्हशीने तोंड खाली घातलं, बारदान हुंगलं, पारड्याचा आवाज ऐकला आणि स्वतःच्या पायांनी आत गेली. गोऱ्हा तर कोणी हात लावायच्या आधी आत. इथे एक रुपया लागला नाही. खानदेशात पाटचाऱ्या, बांध, रस्त्याकडेचे भराव जागोजागी आहेत. बाजारात शिरण्याआधीच असा एक हेरून ठेवा. तेही नसेल तर मागची चाकं सखल जागी उतरवा. चाकं फूटभर खाली गेली की हौदाही जवळजवळ तेवढाच खाली येतो आणि तोच पाच फुटी रॅम्पही सुसह्य होतो. पिकअपचा मागचा फाळका उघडून त्यालाच रॅम्प करणारे पाहिले. तसं करू नका. तो आखूड असतो, आणि त्याच्या बिजागऱ्या म्हशीच्या वजनासाठी केलेल्या नसतात.

हौद्यात बांधताना वेसणीला बांधू नका. एका ब्रेकला नाकपुडी फाटते. तोंडाला घातलेल्या म्होरकीला, आखूड बांधा, तोंड केबिनकडे. गोऱ्हा आणि म्हैस यांच्यामध्ये आडवे बांबू घाला. खाली मुरूम किंवा जाड वाळू, वर चारा. नुसत्या पत्र्यावर जनावर घेऊन जाणं म्हणजे वाटेत पाडायला नेणं. जनावर वाहतुकीचे 1978 चे नियम हेच सांगतात: घसरण न होणारा तळ, तोंड इंजिनाकडे, आणि मालवाहू गाडीत सहाच्या वर गुरं नाहीत. 2016 पासून लागू असलेल्या मोटार वाहन नियमात गाय-म्हशीला प्रत्येकी दोन चौरस मीटर जागा धरली आहे. नऊ फुटी हौद्याच्या पिकअपमध्ये मोठी दोनच बसतात. "तीन आरामात जातात" म्हणणाऱ्याचं ऐकू नका. तिसरं पडलं की उरलेली दोन त्याच्यावर उभी राहतात.

कागदांत हयगय नको. बाजाराची पावती, पशुवैद्यकाचा दाखला आणि कानातला बारा आकडी बिल्ला. पावतीवरचा आकडा आणि कानातला आकडा स्वतः जुळवून बघा, आमच्या गोऱ्ह्याच्या पावतीत एक आकडा चुकवलेला होता, तो तिथेच दुरुस्त करून घेतला. जून 2024 पासून राज्यात बिल्ल्याशिवाय खरेदी-विक्री आणि वाहतूक बंद आहे. लंपी त्वचारोगाच्या 2022 च्या साथीतला राज्यातला पहिला रुग्ण ऑगस्टमध्ये आपल्याच रावेर तालुक्यात, चिनावलला सापडला होता, त्यामुळे आमच्या पट्ट्यात या बाबतीत लोक जागरूक आहेत आणि असायलाच हवेत. नवं जनावर थेट दावणीला बांधू नका, काही दिवस वेगळं ठेवा.

रस्ता ठीक. आग्रा रोडने सावळद्याजवळ तापी ओलांडली, शिरपूरहून चोपडा, पुढे यावल. गावोगावचे गतिरोधक सोडले तर त्रास नाही. चोपड्याला चहा घेतला, जनावरांना पाणी दाखवलं. वैशाखात मात्र हा प्रवास दुपारी अजिबात करू नका. आपल्याकडचं ऊन म्हशीला झेपत नाही.

उतरवणं चढवण्यापेक्षा अवघड असतं, हे कोणी सांगत नाही. उतारावर जनावराचं वजन पुढच्या पायांवर येतं, ते घाबरतं आणि शेवटचे तीन-चार फूट उडी मारतं. घरी गोठ्याचा ओटा अडीच फूट उंच, म्हणजे हौद्यापेक्षा दोन इंचच खाली, तिथेच गाडी लावली. म्हैस सावकाश उतरली. जखम लाल औषधाच्या पाण्याने धुतली, डॉक्टरांनी मलम आणि सुई दिली. दूध पहिले दोन दिवस निम्म्यावर होतं, आता चढतंय.

दुसऱ्याच दिवशी गावातल्या फॅब्रिकेटरकडे रॅम्प टाकला. लांबी आठ फूट, कारण आठ फुटांत बत्तीस इंच म्हणजे चढ वीस अंशांच्या आत राहतो. जनावरांच्या हाताळणीवर आयुष्यभर काम केलेल्या अमेरिकेतल्या टेंपल ग्रँडिन पक्क्या रॅम्पला वीस अंशांचीच हद्द सांगतात, हलवता येणाऱ्याला फार तर पंचवीस. आडव्या पट्ट्या दर आठ इंचांवर, दोन इंच उंच, म्हणजे खूर दोन पट्ट्यांमध्ये बसतो आणि मागच्या पट्टीला टेकतो. ट्रकसाठी करायचा असेल तर चार फूट उंचीला जवळपास बारा फूट लागतील. तो उचलून न्यायचा रॅम्प राहत नाही, त्यापेक्षा भराव शोधा.

फॅब्रिकेटर आधी चाळीस मिलिमीटरचा बॉक्स पाइप म्हणत होता. घेऊ नका, पाचशे किलोची म्हैस मधोमध उभी राहिली की तो वाकतो. बाजूंना पंच्याहत्तर मिलिमीटरचं सी चॅनेल घ्या. तळ पत्र्याचा नको, बाभळीच्या फळ्या घाला. पत्रा पायाखाली वाजतो आणि त्या आवाजाने जनावर बिचकतं, शिवाय ओला झाला की गुळगुळीत. रुंदी अडीच फूट पुरे. जास्त ठेवली तर जनावर मध्येच वळायला बघतं. दोन्ही बाजूंना लोखंडी कडी बसवा आणि त्यांत कमरेएवढे बांबू उभे करून बारदान ताणा, बाहेरचं काही दिसायला नको. वरच्या टोकाला हौद्याच्या कडेत अडकणारे दोन आकडे आणि एक साखळी. हे दोन आकडे त्या बाजारातल्या रॅम्पला असते तर म्हशीचा पाय सोलला नसता. आकड्यांवर जुन्या कन्व्हेयर बेल्टचा तुकडा टाका, फट झाकली जाते.

वजन ऐंशी किलोच्या घरात जातं, म्हणून चार-चार फुटांचे दोन तुकडे, मध्ये पिन. जोडावर खाली टेकूचा पाय हवाच, नाहीतर जोड तिथेच बसतो. आणि त्या पायाखाली फळीचा जाड तुकडा ठेवा. आपल्या काळ्या जमिनीत नुसता पाय रुततो आणि जनावर अर्ध्यावर असताना रॅम्प एका अंगाला कलतो.