बाळंतिणीच्या खोलीतलं ऑनलाइन सेशन

"मॅडम, ऑनलाइन चालेल ना, की यावंच लागेल?" गरोदर बायका आणि नुकत्याच बाळंत झालेल्या मुली, दोघींकडून हा प्रश्न सारखा येतो. मी पुण्यात काउन्सेलर आहे आणि माझं बरंचसं काम याच मुलींसोबत असतं. त्यांना वाटतं मी नेटची रेंज विचारेन. मी विचारते, घरात कोण कोण असतं, तू बसतेस त्या खोलीला दार आहे का, आणि असलं तर ते लावून घेतलं तर कुणी काही बोलतं का. अर्धं उत्तर तिथेच मिळतं.

उरलेलं अर्धं कसं मिळतं ते एका केसवरून सांगते. ओळख लागेल असे तपशील बदललेत.

ती सातव्या महिन्यात पहिल्यांदा ओपीडीत आली, नवरा बाहेर बाकावर बसलेला. आधी एकदा गर्भ राहून पडला होता, त्यामुळे या वेळी प्रत्येक सोनोग्राफीच्या आधी रात्र रात्र झोप नाही. पहिली भेट समोरासमोर झाली हे पुढे फार कामाला आलं, कारण तेव्हाच मी एक कंटाळवाणा कागद भरून घेतला होता: माहेरचा पूर्ण पत्ता, भावाचा नंबर, जवळचं हॉस्पिटल, मानसोपचारतज्ज्ञ कुठे भेटतील. ऑनलाइन करायचं म्हटलं की हा कागद आधी लागतोच. स्क्रीनवर माणूस रडतंय आणि ते कुठल्या गावात बसलंय हेच आपल्याला ठाऊक नाही, मग कुणाला पाठवणार तिच्याकडे?

डोहाळजेवण झालं, ती बार्शीकडे माहेरी गेली, सिझर झालं, मुलगी झाली. मग ऑनलाइन.

त्या दिवशी बाळ अठरा दिवसांचं होतं. कॅमेरा सुरू झाला तर कानाला घट्ट स्कार्फ बांधलेली, मागे शेगडी, धुरीचा धूर अजून खोलीत, मालिशवाल्या मावशी तेलाची वाटी उचलून चाललेल्या आणि आई पलंगाच्या कडेला बसून लंगोट घडी करतायत. म्हटलं झालं, आज काही बोलणं होत नाही. तर तिने स्कार्फ जरासा सरकवून दाखवला, आत इअरफोन! माझं बोलणं फक्त तिलाच ऐकू येत होतं, आणि ती तोंडाने म्हणत होती, "हो मॅडम, दूध पुरतंय, टाकेही बरे आहेत," आणि चॅटमध्ये टाइप होऊन आलं, "आई इथेच आहे. मला बरं नाही वाटत."

मग आम्ही तसंच चालवलं. मी बोलायचं, तिने टाइप करायचं आणि अधूनमधून आईसाठी मोठ्याने "हो, खाते ना डिंकाचे लाडू". बाळंतपणानंतरचं डिप्रेशन ओळखायला एडिनबर्ग स्केल म्हणून एक प्रश्नावली असते, १९८७ पासून वापरात आहे, गेल्या सात दिवसांबद्दल दहा प्रश्न, जास्तीत जास्त ३० गुण. १३ किंवा त्याच्या वर गेलं की आम्ही पुढची तपासणी करायलाच सांगतो. तिचे २१ आले. पण आकड्यापेक्षा मी दहाव्या प्रश्नाची वाट बघत असते, कारण तो स्वतःला इजा करण्याच्या विचारांबद्दल आहे आणि तिथे शून्य सोडून काहीही आलं तर एकूण बेरीज कितीही कमी असो, थांबून विचारावंच लागतं. तिने तिथे लिहिलं, "कधी कधी."

बाळंतपणानंतर तिसऱ्या-चौथ्या दिवशी रडू येतं, चिडचिड होते, त्याला बेबी ब्लूज म्हणतात. ते साधारण दोन आठवड्यांत आपोआप ओसरतं. हिचे दोन आठवडे उलटून गेले होते आणि वाढतच चाललं होतं. बाळ झोपल्यावर तरी झोप येते का? "नाही." मग बराच वेळ ते तीन ठिपके हलत राहिले आणि आलं, "बाळ माझ्या हातून पडतंय असं सारखं दिसतं. मीच पाडतेय. मी वाईट आहे का?"

असे विचार पुष्कळ नव्या आयांना येतात आणि त्या कुणालाही सांगत नाहीत, कारण सांगितलं तर बाळ काढून घेतील अशी भीती. ज्या बाईला त्या विचाराचीच धास्ती बसते, जी त्यापासून लांब पळते, तिचं प्रकरण वेगळं. आवाज ऐकू येणं, कुणीतरी सांगतंय म्हणून करायचं आहे असं वाटणं, ते वेगळं. तो प्रसूतीनंतरचा सायकोसिस, हजार बाळंतपणांत एखाद-दोन, बहुतेकदा पहिल्या काही आठवड्यांतच, आणि तिथे एक दिवससुद्धा थांबायचं नसतं. मी दोन्हीबद्दल स्पष्ट विचारलं. भीती वाटते? "खूप." आवाज? "नाही."

मग मी म्हटलं, बाळ दाखव ना जरा. तिने मान वळवून हाक मारली, "आई, हिला घे गं, मॅडमना बघायचीय." बाळ तिच्या हाताच्या अंतरावर होतं. आईंनी उचलून कॅमेऱ्यासमोर धरलं आणि ती पाठ भिंतीला टेकवून, हात मांडीखाली घालून बसली. पाजण्यापुरतंसुद्धा आईच बाळ धरतात, हे मग कळलं.

इथे ऑनलाइनची हद्द संपली. चॅटवरच्या "नाही"वर मी सायकोसिस नाही असं ठरवू शकत नाही आणि औषधाचा निर्णय तर माझा नाहीच. मी तिला विचारलं, घरी कुणाला काय सांगू? एकटं राहायचं नाही एवढं मला सांगावंच लागेल. तिने लिहिलं, "आईला झोपेचं सांगा. पडण्याचं नको. दादाला सगळं सांगा."

काकूंना, म्हणजे तिच्या आईंना, फोन दिला तर त्या म्हणाल्या, "अवो मॅडम, सव्वा महिना झाला नाही अजून, वारं लागंल तिला." काकूंशी वाद घालून उपयोग नसतो आणि खोटं सांगायचं नाही हा माझा नियम. मी जे खरं होतं ते सांगितलं, की झोप अजिबात नाही, रक्त आणि थायरॉइड तपासायला हवं (दोन्ही बिघडलं तर मनही बिघडतं), आणि झोपेसाठी मनाच्या डॉक्टरांना आजच दाखवायचंय. स्कार्फ, शाल, गाडीच्या काचा बंद, सगळं मान्य. दादाने तासाभरात गाडी काढली आणि नवरा पुण्याहून परस्पर सोलापूरला निघाला.

संध्याकाळी तिथल्या सायकियाट्रिस्टचा फोन आला. डिप्रेशन, सोबत ते नकोसे विचार, सायकोसिस नाही. हिमोग्लोबिन ८.६. सर्ट्रालिन हे डिप्रेशनवरचं औषध सुरू केलं, रात्री तिला एकटं न ठेवण्याचं घरच्यांना नीट समजावलं. काकूंचा एकच प्रश्न होता, अंगावर पाजलं तर चालेल का. चालेल, हे औषध दुधात फार कमी उतरतं. आई आणि बाळाला एकत्र ठेवून उपचार करणारा वॉर्ड बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्याच्या संस्थेत २००९ मध्ये सुरू झाला, जिल्ह्याच्या गावी तशी सोय सहसा नसते, पण हिच्या घरी दादा होता, काकू होत्या, तेवढ्यावर निभावलं.

पुढची सेशन्स पुन्हा ऑनलाइन, अंगणात उभ्या असलेल्या दादाच्या गाडीत बसून. मोठ्याने बोलायची, मोठ्याने रडायची. सिझरचे टाके सांभाळत दर आठवड्याला पुण्याला ये म्हटलं असतं तर ती कधीच आली नसती.

आणि याच्या बरोब्बर उलटी एक मुलगी आहे, पुण्यातच, वन बीएचके, सासूबाई दिवसभर हॉलमध्ये, गाडी नाही, गच्चीला कुलूप. तिला ऑनलाइनचा काडीचा उपयोग नाही. तिला मी लसीकरणाच्या तारखा दिल्यात, सहावा, दहावा, चौदावा आठवडा, लस झाली की वरच्या मजल्यावर माझ्याकडे, सासूबाई बाळाला घेऊन खाली बसतात. मधल्या आठवड्यांत रात्री फारच झालं तर टेली-मानस या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ नंबर, फुकट आहे, मराठीतून बोलतात.

बार्शीवाली आता पुण्यात परत आलीय, बाळ पाच महिन्यांचं. परवा मेसेज, ऑफिस सुरू होतंय, मीटिंग रूममधून ऑनलाइन करू का. म्हटलं कर, पण पहिली भेट इथेच, आणि बाळाला घेऊन ये.